बेटावर मिशन उभं राहतं ते कशावर?

प्रश्न असा आला आहे: "अंदमानच्या उत्तर सेंटिनेल बेटावर २०१८ मध्ये एक अमेरिकी तरुण बायबल घेऊन उतरला आणि बाणांनी मारला गेला. मग जगातल्या इतर बेटांवर कॅथलिक मिशनं उभी राहिली ती कशी? पहिल्या दिवशी फादर नेमकं करतात काय? मुळात तिथे जाणं योग्य होतं का? आणि आजच्या तरुणाला जायचं असेल तर काय तयारी करावी?"

मी मूळचा वसईचा, व्रतस्थ धर्मगुरू. पापुआ न्यू गिनीच्या बेटांवर एकोणीस वर्षं काढली आणि गुडघ्यांनी राजीनामा दिल्यावर परत आलो. त्यामुळे उत्तर थोडं वाचलेलं आणि थोडं भोगलेलं आहे.

सेंटिनेलचं आधी उरकतो. तो तरुण कॅथलिक नव्हता, पण त्याने मी हात झटकणार नाही. आमच्याकडेही असे वीर होऊन गेलेत. तिथे जायला १९५६ च्या नियमाने बंदी आहे आणि ती शहाणपणाची आहे. आपल्या साध्या सर्दी-गोवराशी ज्यांच्या शरीराची ओळखच नाही, त्यांच्या किनाऱ्यावर उतरणारा माणूस सुवार्तेच्या आधी जंतू घेऊन उतरतो. पॅसिफिकमधल्या कितीतरी बेटांनी हे भोगलं आहे. तेव्हा "बोलावलं नाही तिथे जायचं नाही" हा माझ्या लेखी पहिला नियम. चर्चने तो नेहमी पाळला, असं मात्र म्हणवत नाही.

लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात एक चित्र असायचं: फादर होडीतून उतरताहेत, हातात क्रूस, समोर वाळूत गुडघे टेकलेली माणसं. प्रत्यक्षात असं घडल्याचं उदाहरण शोधायला गेलात तर थकाल. मॅरिस्ट या कॅथलिक धर्मसंघाचे बिशप एपाल १६ डिसेंबर १८४५ रोजी सॉलोमन बेटांतल्या सांता इसाबेलवर उतरले. किनाऱ्यावरच त्यांच्यावर कुऱ्हाडीचे घाव बसले आणि तीन दिवसांनी ते गेले. त्यांचे सोबती माकिरा बेटावर गेले, तिथे १८४७ मध्ये आणखी तिघे मारले गेले. उरलेले वुडलार्क बेटावर गेले. तिथे भाल्यांपेक्षा हिवतापाने जास्त छळलं. १८५२ मध्ये मिलानहून आलेल्या नव्या तुकडीने हे मिशन हाती घेतलं, पण तीन वर्षांत तेही टेकीला आले. त्यांच्यातले फादर माझुकोनी उपचारासाठी सिडनीला गेले होते. बरे होऊन १८५५ मध्ये ते बेटावर परत निघाले. सोबती बेट सोडून केव्हाच निघून गेलेत हे त्यांना ठाऊकच नव्हतं. जहाज खडकावर अडकलं आणि तिथेच त्यांना मारण्यात आलं. ज्या मिशनसाठी ते परतत होते, ते उरलंच नव्हतं.

हे सगळे लोक श्रद्धेत किंवा धाडसात कमी नव्हते. पण बेटावरच्या लोकांनी त्यांना ठेवून का घ्यावं, याचं उत्तर त्यांच्याजवळ नव्हतं. सगळी मेख इथेच आहे. तुम्हाला काय द्यायचंय, हा नंतरचा प्रश्न.

ज्या मिशनने हे उत्तर हुडकलं, आणि ज्याच्याकडे मी आजही अर्धं कौतुकाने आणि अर्धं धास्तीने पाहतो, ते ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला बाथर्स्ट बेटावरचं. डार्विनपासून साधारण ८० किलोमीटरवर बाथर्स्ट आणि मेलव्हिल ही दोन बेटं, मध्ये अ‍ॅप्सलीची चिंचोळी खाडी. इथले लोक तिवी. त्यांची भाषा मुख्य भूमीवरच्या कुठल्याच भाषेशी नीट जुळत नाही आणि परक्यांना हाकलण्यात ते तरबेज होते. ब्रिटिशांनी १८२४ मध्ये मेलव्हिलवर फोर्ट डंडास उभारला आणि पाच वर्षांत गुंडाळला. मागे राहिल्या त्या आणलेल्या म्हशी. पुढे या म्हशींच्या कातड्यासाठी जो कूपर नावाचा शिकारी मुख्य भूमीवरचे बंदूकधारी साथीदार घेऊन आला. त्याने काही तिवींना पकडूनही नेलं होतं. म्हणजे गोरा माणूस काय चीज आहे, हे तिवींना मिशन यायच्या आधीच पुरतं कळलेलं होतं.

अशा ठिकाणी ८ जून १९११ रोजी फ्रान्सिस झेवियर ग्सेल उतरले. अल्सासचा माणूस, जन्म १८७२ चा, पवित्र हृदयाच्या मिशनरी संघातला. आधी काही वर्षं पापुआच्या यूल बेटावर काम केलेला, म्हणजे बेट काय असतं हे जाणणारा. डार्विन भागात त्यांच्याआधी ऑस्ट्रियन जेसुइटांनी प्रयत्न केले होते. डेली नदीकाठचं त्यांचं मिशन पूर, कर्ज आणि निराशा पदरात घेऊन १८९९ मध्ये बंद पडलं. ग्सेलनी त्यातून एक धडा घेतला: वस्तीच्या, दारूच्या आणि खाणवाल्यांच्या वाऱ्यापासून दूरची जागा हवी. सरकारकडून बाथर्स्टवर दहा हजार एकर मिळाले. ज्यांची जमीन होती त्यांना कोणी विचारलं नाही, हेही इथेच लिहून ठेवतो.

उतरल्यावर त्यांनी काय केलं? जंगल तोडलं, झोपडी बांधली, बाग केली. कामाला हात लावील त्याला तंबाखू आणि पीठ. वर्षभराने सिस्टर्स आल्या. प्रवचन जवळपास नाहीच. लोक यायचे, तंबाखू घ्यायचे, निघून जायचे. आपल्याकडे शेजारच्या गावात नवं दुकान निघालं की माणसं उगाच डोकावून जातात, तसं. दहा वर्षं हेच चाललं. मोठ्या माणसांच्या बाबतीत हाताला फारसं काही लागलं नाही हे ग्सेलनीही पुढे मान्य केलं. वरिष्ठांना अहवालात काय लिहीत असतील याची मला फार उत्सुकता आहे, कारण ते कोरे रकाने मीही भरलेत.

मग १९२१ उजाडलं आणि मार्टिना नावाच्या मुलीची गोष्ट घडली. ती कळायला तिवींची लग्नपद्धत थोडी सांगावी लागेल. तिवींमध्ये बाईमाणूस नवऱ्याशिवाय असूच शकत नसे. जन्मल्या दिवसापासून ती कोणाची तरी बायको, आणि विधवा झाली तर नवऱ्याच्या दफनाच्या वेळीच दुसऱ्याची. त्याहून गंमत म्हणजे मुलगी वयात आली की तिला पुढे होणाऱ्या मुलींसाठी जावई तेव्हाच नेमला जाई. म्हणजे सासू आधी, बायको वीस वर्षांनी. मधल्या काळात जावयाने सासूला शिकार, मध, कष्ट पुरवत राहायचं. साहजिकच ज्याच्याकडे द्यायला भरपूर असे, त्या म्हाताऱ्याकडे बायका दहा-दहा, वीस-वीस. तरुण मात्र तिशी उलटेपर्यंत एकटा, आणि तेव्हाही पहिल्यांदा वाट्याला यायची ती एखादी वयस्क विधवा. ही नुसती 'वाईट चाल' नव्हती. अन्न, वैर, मैत्री, म्हातारपणाची सोय, सगळा हिशेब याच वहीत मांडलेला होता.

मार्टिना मिशनवर ये-जा करणारी पोर. ती ज्याच्या नावावर होती तो म्हातारा तिला न्यायला आला. मुलीने ग्सेलचे पाय धरले. ग्सेलनी तिला जाऊ दिलं, कारण न देणं म्हणजे दहा वर्षांचं सगळं उधळून लावणं. पाच दिवसांनी ती लंगडत परत आली, पायाला भाल्याची जखम. मागोमाग चिडलेली माणसं. ग्सेलनी त्यांना खाऊ घातलं, तंबाखू दिला, उद्या बोलू म्हणून झोपवलं. सकाळी उठून पाहतात तो टेबलावर माल मांडलेला: ब्लँकेट, पिठाची गोण, कुऱ्हाड, सुरी, आरसा, रंगीत कापड, मणी, तंबाखू. "मुलगी मला द्या, हे तुम्ही घ्या." पुरुष बाजूला जाऊन बराच वेळ कुजबुजले. मग सौदा पटला. ही हकीकत ग्सेलनीच पुढे लिहून ठेवलेली, म्हणजे टेबलाच्या एकाच बाजूची. मुलीने किंवा म्हाताऱ्याने ती कशी सांगितली असती हे ऐकायला मी बरंच काही देईन.

सौद्यातली खोच अशी. तिवींच्या वहीत मार्टिना आता ग्सेलची बायको झाली. फादरांच्या वहीत ती मोकळी झाली. एकाच व्यवहाराचे दोन अर्थ, आणि दोन्ही पक्ष आपापल्या अर्थावर खूश. बातमी बेटभर पसरली. पुढे माणसं आपणहून मुली घेऊन येऊ लागली, काही तर पोर जन्मायच्या आधीच बोली करायला. अशा सुमारे दीडशे मुली त्यांनी 'विकत' घेतल्या आणि दीडशे बायकांचा बिशप हे नाव त्यांना कायमचं चिकटलं. मुली सिस्टर्सकडे वाढत. वयात आल्यावर आपल्या पसंतीचा तरुण निवडत. तरुणाला अट एकच, हीच एक बायको. ज्या तरुणाला एरवी तिशीपर्यंत वाट पाहून म्हातारी विधवा मिळायची, त्याला विशीत आपल्या वयाची मुलगी मिळत होती. मिशनच्या आवारात तरुण का गोळा होऊ लागले, हे वेगळं सांगायला नको.

आमच्या पेशात याला 'ग्सेलची युक्ती' म्हणून वाखाणलं जातं. मला ती वाचताना प्रत्येक वेळी वाटतं, सुवार्ता आत शिरली ती लग्नाच्या बाजारातल्या एका फटीतून. ती फट खरी होती, मुलीची जखमही खरी होती. कुणी म्हणेल, जखमी पोर दारात असताना तत्त्वं काय चघळता? बरोबर आहे. त्या सकाळी मी असतो तर मीही ब्लँकेट काढलं असतं. पण एक मुलगी सोडवणं आणि दीडशे मुलींचा साठा करणं यात अंतर आहे. पहिली दया, दुसरी व्यवस्था. व्यवस्था आली की म्हाताऱ्यांचा आधार जातो, सासू-जावयाची देवघेव थांबते, मुली आईपासून लांब वसतिगृहात वाढतात. शिवाय तिवींना एक वाईट धडा मिळाला, की परक्याला मुलीची किंमत लावता येते. १९२० आणि १९३० च्या दशकांत मोती काढणाऱ्या जपानी होड्या त्या खाडीत येऊ लागल्या. त्याही बायकांच्या बदल्यात पीठ-तंबाखू देत. ग्सेल त्यांच्यावर आगपाखड करत राहिले. किनाऱ्यावरच्या तिवी बापाला दोन्ही गिऱ्हाइकांतला फरक कितपत जाणवत असेल, कोण जाणे.

१९३८ मध्ये ते डार्विनचे बिशप होऊन बेटावरून गेले. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १९४१ च्या सुमारास, शेजारच्या मेलव्हिलवर गार्डन पॉइंट इथे मिश्र वंशाच्या मुलांसाठी कॅथलिक मिशन निघालं. ती मुलं सरकारी धोरणाखाली आयांपासून तोडून आणलेली. त्यात कोणाचा किती दोष, यावर लोक अजून भांडतात. अशा तोडलेल्या मुलांविषयीच्या १९९७ च्या राष्ट्रीय चौकशी अहवालानंतर 'आम्हाला कल्पना नव्हती' म्हणायची सोय राहिली नाही. २००१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी ओशिआनियाच्या आदिवासींची माफी मागितली. माफीची भाषा सुंदर होती. आयांना मात्र फार उशीर झाला होता.

आता माझं. मी कुठलंही मिशन 'सुरू' केलेलं नाही. मला शंभर वर्षं चाललेला संसार मिळाला. पण एकदा आमच्या धर्मग्रामापासून होडीने चार तासांवरच्या छोट्या बेटावरून निरोप आला की आमच्याकडेही चॅपल हवं. बोलावणं होतं, म्हणून निघालो. जाताना आमच्या म्हाताऱ्या धर्मशिक्षकाने बजावलं, पोचल्यावर उतरू नका. मी होडीत बसून राहिलो, किनारा हातभर अंतरावर, डोक्यावर ऊन. तास झाला असेल. मग एक आजोबा आले आणि सुपारी पुढे केली. तिकडे तिला बुआई म्हणतात: हिरवी, ओली, बरोबर चुना आणि नागवेलीच्या जातीच्या वेलीची हिरवी कणसं. मी वसईचा, आमच्याकडे पानवेलीचे मळे आणि आजीचा पानपुडा यांत वाढलेला. सवयीने चुना अंगठ्याच्या नखावर घेतला आणि सगळा किनारा हसला. ते चुना काडीने घेतात. त्या हसण्यावर मी उतरलो. पहिल्या दिवशी मी एवढंच केलं: सुपारी खाल्ली, लाल थुंकलो, आणि रात्री होड्या ठेवायच्या शाकारलेल्या खोपीत झोपलो. मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, तीसुद्धा केली नाही.

तिसऱ्या दिवशी मात्र माती खाल्ली. गावातल्या एका वजनदार माणसाने चॅपलसाठी जागा दाखवली. छान उंचवटा, समुद्राचा वारा. मी आनंदाने होकार दिला, पोरांनी खांब पुरायला घेतले. दुपारी एक मध्यमवयीन बाई आली, काही न बोलता एका खांबाशेजारी बसली आणि उठेना. हळूहळू तिचे भाऊ, भाचे जमले. त्या बेटावर जमीन आईच्या कुळाची असते, मामाकडून भाच्याकडे जाते. मला जागा दाखवणारा तिथे बापाच्या नात्याने राहत होता. कसायचा हक्क त्याचा, द्यायचा नाही. विचारायचं होतं त्या बाईला, आणि मी विचारलं होतं सगळ्या पुरुषांना. खांब उपटले. खड्डे बुजवताना मी स्वतः फावडं धरलं, कारण बघे पुष्कळ होते आणि मला ते बघायला हवे होते. दोन डुकरं आणि सात महिने गेल्यावर त्याच बाईने दुसरी जागा दिली, आधीच्यापेक्षा सखल. पावसाळ्यात आत पाणी येतं.

बोलीच्या बाबतीतही असंच. तिकडच्या टोक पिसिन भाषेत मनाची सगळी भानगड पोटात असते. 'बेल' म्हणजे पोट. शांती म्हणजे 'बेल इसी', पोट सैल. दुःख म्हणजे 'बेल हेवी'. आणि ज्याला आपण पश्चात्ताप किंवा मनपरिवर्तन म्हणतो ते 'तानिम बेल', पोट वळवणं. इंग्रजीतून शिकून आलेले माझे सहकारी याची चेष्टा करत. मला ते पहिल्याच आठवड्यात पटलं, कारण आपणही अपराध पोटात घालतो, पोटतिडकीने बोलतो आणि गुपित पोटात ठेवतो. पण परकी बोली अशी पोटात उतरायला वेळ लागतो. इंग्रज जेसुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांचं ख्रिस्तपुराण हे मराठी काव्य छापलं गेलं १६१६ मध्ये. सदतीस वर्षं! स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटलं, छंद ओवीचा घेतला. मराठी कॅथलिक म्हणून मला हे घरातून मिळालेलं भांडवल आहे. पण तेही लक्षात ठेवावं, की त्याच काळात, गोव्यातल्या ज्या साष्टीत ते राहिले तिथेच, देवळं पाडली गेली होती. ओवी आणि पहार एकाच वेळी चालू होत्या.

तर योग्य होतं का? सरसकट हो किंवा नाही मला म्हणता येत नाही. रोमने १६५९ मध्येच आपल्या मिशनऱ्यांना बजावलं होतं, की लोकांच्या चालीरीती उघडपणे धर्माविरुद्ध नसतील तर बदलायला जाऊ नका, युरोप उचलून तिकडे नेण्याचा मूर्खपणा करू नका. सूचना उत्तम होती, पाळली अधूनमधून. आज बाथर्स्टवर जाल तर लोक कॅथलिक आहेत आणि तिवीही आहेत. कोणी गेलं की मिस्सा होते आणि पुढे पुकुमानीचा विधीही होतो, कोरलेले रंगवलेले खांब थडग्याभोवती उभे राहतात. पावसाळ्याच्या अखेरीचा कुलामाचा विधी एका कडू कंदाभोवती फिरतो, आपल्या कडू करांद्यांच्या जातकुळीतला. नीट शिजवून, भिजवून कडवटपणा काढला तरच खाण्याजोगा. मिशन जिथे उतरलं त्या वस्तीचं जुनं नाव न्गुइऊ. २०१० मध्ये लोकांनी तिला वुरुमियांगा हे नाव दिलं. बेटांची जमीन १९७८ पासून तिवी भूमी परिषदेच्या कारभारात आहे. हे मिशनमुळे झालं की मिशन असूनही झालं, ते तिवींनाच विचारा. आणि एकाच तिवीला विचारून थांबू नका.

तुम्ही प्रश्नाच्या शेवटी हेही विचारलंय की आजच्या तरुणाला जायचं असेल तर काय तयारी करावी. हिवतापाच्या गोळ्या. स्वतःची पूर्ण वैद्यकीय तपासणी आणि लसी, आपल्यासाठी कमी, त्यांच्यासाठी जास्त. तिथल्या बिशपांचं पत्र पुरेसं नाही. गावाचं बोलावणं हवं आणि ते कोणी पाठवलंय, त्याला तो अधिकार आहे का, हे दोन वेगळ्या कुळांकडून तपासून घ्या. पहिली दोन वर्षं भाषा, शिकवणं नाही. तंबाखू, पीठ, मासळीचे डबे वाटत सुटू नका. पहिल्या महिन्यात जे फुकट द्याल ते पुढची वीस वर्षं द्यावं लागतं. जमिनीचा कागद होण्याआधी खांब पुरू नका. आणि चुना काडीने घ्या.